मांजराचा दात किडत नाही, विरतो

आमचा गोट्या नऊ वर्षांचा बोका. वजन पाच किलो, स्वभाव जमीनदारी. मागच्या पावसाळ्यात त्याने एक नवीनच खोड लावून घेतली. वाटीशी यायचं, एक दाणा तोंडात घ्यायचा, मान एका बाजूला झटकून तो बाहेर टाकायचा आणि वाटीकडे बघून फिस्कारायचं. थोड्या वेळाने परत येऊन तीच वाटी रिकामी करायची. घरात यावर दोन मतं पडली. आई म्हणाली, बोंबलाचा काटा अडकला असेल. मी म्हटलं, नखरे आहेत, खाण्याचा ब्रँड बदलला की थांबतील. ब्रँड बदलला, खोड थांबली नाही. पण वाटी रिकामी होत होती, वजन जागच्या जागी होतं. त्यामुळे ‘खातोय ना, मग ठीक आहे’ एवढ्यावर आम्ही दीड महिना काढला.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलला. मांजराच्या खालच्या जबड्यात सुळ्याच्या मागे थोडी मोकळी जागा असते आणि तिच्यानंतर पहिली दाढ येते. त्या दाढेच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढा लालभडक ठिपका होता. हिरडीच जणू दातावर चढून बसली होती. कापसाच्या काडीने डॉक्टरांनी तो ठिपका हलकेच दाबला, तर गोट्याचा खालचा जबडा थंडीत कुडकुडल्यासारखा थडथडला. तो ओरडला नाही, त्याने बोचकारलंही नाही. नुसता जबडा हलला. “ही कीड नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “दात विरतोय.”

विरणं हा शब्द आपण जुन्या धोतराला किंवा नेसून नेसून पातळ झालेल्या लुगड्याला वापरतो. दाताच्या बाबतीत मी तो पहिल्यांदाच ऐकला, पण नंतर वाचत गेले तसा तोच जास्त बरोबर वाटला. पशुवैद्यक याला टूथ रिझॉर्प्शन म्हणतात. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या डॉक्टरांच्या तोंडी ‘फोर्ल’ (जुन्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं) किंवा ‘नेक लीजन’ ही नावं सापडतात. दुसरं नाव पडलं, कारण खड्डा बहुतेक वेळा दाताच्या मानेपाशी, म्हणजे हिरडीच्या काठावर दिसतो. मांजरांमध्ये हा आजार किती आढळतो, याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात. मोठ्या वयाच्या मांजरांत ते २० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत जातात. कोणत्या मांजरांना तपासलं आणि एक्स-रे काढला की नाही, यावर आकडा ठरतो. दोन वर्षांच्या आत तो क्वचित दिसतो, वय वाढेल तसा वाढत जातो. म्हणजे घरात दोन-तीन म्हातारी मांजरं असतील, तर त्यांतल्या एकाला तरी हा असण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे.

कीड का नाही?

आधी कीड हा शब्द बाजूला काढायला हवा. आपल्या दाताला कीड लागते ती अशी: खाण्यातली साखर आणि पिठूळ पदार्थ दाढेच्या खाचांत बसतात, तोंडातले जंतू त्यांचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात बाहेरून पोखरत आत जातं. मांजराच्या बाबतीत यातली जवळजवळ एकही अट पुरी होत नाही. त्याच्या दाढांना आपल्यासारखा सपाट, खाचांचा माथा नसतो. त्या कात्रीच्या पात्यांसारख्या असतात, वरची आणि खालची एकमेकींना घासून जातात आणि मांस कापतात. मांजर रवंथ करत नाही, जबडा आडवा हलवून चावतही नाही. कापतं आणि गिळतं. शिवाय त्याला गोड चव कळतच नाही. गोड ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात मोडकं आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही त्यांना तेच आढळलं. तुमचं मांजर श्रीखंड चाटत असेल तर ते त्यातल्या स्निग्धांशासाठी. साखरेचं त्याला सोयरसुतक नाही.

तेव्हा मांजराच्या दाताला खड्डा दिसला आणि कोणी ‘कीड लागली, गोड बंद करा’ म्हणालं, तर माणसाच्या आजाराचं नाव मांजराला चिकटवलं गेलंय असं समजावं.

वाळवी घरचीच

मग खड्डा कोण पाडतं? मांजर स्वतःच. म्हणजे त्याच्याच शरीरातल्या पेशी.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दुधाचा दात कधी नीट पाहिलाय? त्याला मूळ नसतं. वरचं टोपण तेवढं हातात येतं, खालची बाजू पोकळ आणि खडबडीत. मूळ जबड्यात तुटून राहिलेलं नसतं, ते शरीराने विरघळवून परत घेतलेलं असतं. नवा दात खालून येतो तेव्हा ओडोंटोक्लास्ट नावाच्या मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दुधाच्या दाताच्या मुळाला चिकटतात, आम्ल आणि विकरं सोडतात आणि मूळ चाटून साफ करतात. मूळ गेलं की दात डुगडुगतो आणि एक दिवस पोळीच्या घासात सापडतो. मांजराच्या पिल्लालाही हेच होतं. त्याचे २६ दुधाचे दात साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात जातात आणि त्यांच्या जागी ३० कायमचे येतात. पिल्लू पडलेले दात बहुधा गिळून टाकतं, म्हणून ते आपल्या नजरेला पडत नाहीत.

हे काम झालं की या पेशींनी घरी जायचं असतं. टूथ रिझॉर्प्शनमध्ये त्या परत कामाला लागतात, आणि या वेळी पक्क्या दातावर, ज्याच्या खाली कुणी नवा दात वाट बघत नसतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात तशातली गत. हाडं झिजवून पुन्हा घडवणाऱ्या पेशींच्याच कुळातल्या या पेशी आहेत, आणि हाडात ही मोडतोड-बांधकाम आयुष्यभर चालू असते. दाताच्या मुळाला मात्र शरीराने त्यातून सूट दिलेली असते. मांजरात ती सूट काढून घेतली जाते असं म्हणता येईल.

का, याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. हिरडीची जुनाट सूज काही दातांत ठिणगी टाकते, एवढं बरंच मान्य झालं आहे. पण स्वच्छ, गुलाबी हिरड्यांच्या मांजरांनाही हा आजार होतो, त्यामुळे सुजेवर सगळं खापर फोडता येत नाही. मधल्या काळात ड जीवनसत्त्वावर संशय होता. मांजर आपल्यासारखं उन्हातून ड जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, ते सगळं खाण्यातूनच घेतं (गॅलरीत पसरून ऊन खाणारा गोट्या निव्वळ चैन करत असतो, एवढं यावरून कळलं). तयार खाद्यात हे जीवनसत्त्व गरजेपेक्षा जास्त पडतं आणि त्यामुळे हे होतं, अशी ती मांडणी होती. पण नंतरच्या तपासण्यांतून तिला ठाम आधार मिळाला नाही.

‘हे सगळं पाकिटातल्या खाण्यामुळे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. युरोपातल्या संशोधकांनी १३व्या-१४व्या शतकातल्या मांजरांच्या कवट्या तपासल्या, तर त्यांच्या दातांतही असे खड्डे सापडले. सिंह आणि बिबट्यांच्या दातांतही ते नोंदले गेलेत. तेव्हा पाकिटं नव्हती. आजच्या खाण्याने प्रमाण वाढलंय का, हा वेगळा प्रश्न. पण आजार पाकिटाइतका नवा नाही.

झोळी आणि भिंत

इथून पुढे थोडं नीट समजून घ्यावं लागतं, कारण उपचार कोणता करायचा ते यावर ठरतं.

दात जबड्यात सिमेंटने बसवलेला नसतो. मुळाभोवती बारीक धाग्यांची एक जाळी असते, तिचं एक टोक दातात आणि दुसरं हाडात. दात त्या जाळीत झोळीतल्या बाळासारखा टांगलेला असतो. म्हणून आपण कडक चकली फोडतो तेव्हा धक्का हाडाला बसत नाही, झोळी तो पचवते. एक्स-रेमध्ये ही झोळी मुळाभोवती बारीक काळ्या रेषेसारखी दिसते. दाताचा आतला मोठा भाग म्हणजे डेंटिन, त्याच्या गाभ्यात नस. वर दिसणाऱ्या भागावर एनॅमलचं कवच, मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर. मांजराचं एनॅमल मिलिमीटरपेक्षाही पातळ. आपल्या दाढेवर ते दोन मिलिमीटरपर्यंत जाड असतं. त्याच्या दाताची ढाल मुळातच कागदी आहे.

आता, दात विरण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात खड्डा पडतो पण झोळी शाबूत राहते. एक्स-रेवर मूळ स्पष्ट दिसतं, त्याची काळी रेषा दिसते, फक्त मानेपाशी एक घास घेतल्यासारखा तुकडा गायब असतो. याच्या सोबतीला बहुधा हिरडीचा आजार असतो.

दुसरा प्रकार जास्त विचित्र. इथे पेशी मूळ खातात आणि मागोमाग शरीर त्या जागी हाड भरत जातं. झोळी नाहीशी होते, दात हाडाला चिकटतो, मग हळूहळू मूळच हाड होऊन जातं. वाळवीने चौकट आतून खावी आणि गवंड्याने मागोमाग तिथे चुना भरत जावा, तसं. काही महिन्यांनी चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. एक्स-रेवर अशा दाताचं मूळ धुरकट दिसतं, काही वेळा दिसतच नाही. हिरडीवर मात्र दाताचा वरचा भाग अजून उभा असतो.

तिसरा प्रकार म्हणजे एकाच दाताचं एक मूळ पहिल्या प्रकारचं आणि दुसरं मूळ दुसऱ्या प्रकारचं. गोट्याचा दात याच जातीचा निघाला. साधं सरळ काही करायचं नाही हा त्याचा बाणा त्याने तिथेही सोडला नाही.

दाढांमध्ये सगळ्यात जास्त वेळा बळी पडते ती खालच्या जबड्यातली, सुळ्यामागची पहिली दाढ. पशुदंतवैद्यकाच्या क्रमांकात डावीकडची ३०७ आणि उजवीकडची ४०७. तुमच्या मांजराच्या कागदांवर हे आकडे दिसले तर ते औषधाचे डोस समजू नका, मी समजले होते.

दुखतं कधी, आणि दिसत का नाही

मूळ हिरडीखाली, हाडाच्या आत विरत असतं तोवर बहुधा दुखत नाही. दुखणं सुरू होतं ते खड्डा हिरडीच्या वर उघडा पडतो तेव्हा. डेंटिनमध्ये नसेपर्यंत जाणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात. त्या उघड्या पडल्या की थंड, गरम, स्पर्श, जंतू, सगळं आत पोचतं. थंडगार पाण्याने दात शिवशिवतो तो आपला अनुभव आठवा आणि तो चोवीस तास चालू ठेवा. खड्डा नसेपर्यंत गेला की विचारायलाच नको. शरीर त्या खड्ड्यावर हिरडीसारखा मऊ, लाल मांसल पडदा चढवतं, तोच गोट्याच्या दातावरचा ठिपका. पुढे दात इतका पोकळ होतो की खाता खाता वरचा भाग तुटून पडतो आणि मूळ आत राहतं. मालकाला वाटतं, दात पडला, सुटला बिचारा.

मांजर हे सांगत का नाही? एकटं शिकार करून जगणाऱ्या आणि स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकणाऱ्या लहान प्राण्याने दुखणं मिरवणं परवडत नाही. ते जेवणही सोडत नाही. पोट भरायला त्याला चावावं लागत नाही, दाणे अख्खे गिळता येतात. म्हणून ‘खातंय’ ही दाताच्या बाबतीत खूण म्हणून कुचकामी आहे. कसं खातंय ते बघायला हवं. एकाच बाजूने चावतंय का, घास तोंडातून पडतोय का, खायला धावत येऊन वाटीपाशी थबकतंय का, मऊ खाण्याला अचानक पसंती देऊ लागलंय का. काही मांजरं उलट करतात, मऊ सोडून दाणेच घेतात, कारण ते न चावता गिळता येतात. लाळ गळणं, तोंडाला घाण वास, पंजाने गालावर घासणं, अंग चाटणं कमी झाल्यामुळे पाठीवरचे केस गुंतणं. आणि एक फार फसवी खूण: मांजर ‘शांत’ होणं. म्हातारं झालं, असं म्हणून आपण ते सोडून देतो. दात काढल्यावर तीच मांजरं पुन्हा दोरीमागे धावताना पाहून बऱ्याच जणांना कळतं की ते म्हातारपण नव्हतं, ठणका होता.

भूल आणि एक्स-रे: इथे काटकसर नको

जागं मांजर तोंड उघडून बसत नाही, आणि बसलं तरी डोळ्याला फक्त वरचा भाग दिसतो. आजाराचा अर्धा कारभार हिरडीखाली. म्हणून पुरती भूल देऊन, प्रत्येक दाताभोवती बारीक सळई फिरवून आणि सगळ्या तोंडाचे दातांचे एक्स-रे काढून तपासणी करायची असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९८ साली याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. वरून ज्या दातांत काही दोष दिसला नव्हता, त्यांचे एक्स-रे काढल्यावर सुमारे ४२ टक्के मांजरांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी सापडलं. हा आकडा मी घरी आईला वाचून दाखवला तेव्हा ‘कशाला एवढे फोटो’ हा विषय संपला.

दातांच्या एक्स-रेचं यंत्र वेगळं असतं. छाती-पोटाचा एक्स-रे काढणारं मोठं यंत्र असलं म्हणजे काम झालं असं नाही, त्यात एका जबड्याची सावली दुसऱ्यावर पडते. हे लहान यंत्र आणि तोंडात ठेवायचा सेन्सर सगळ्याच दवाखान्यांत नसतो. फोनवरच विचारून घ्यावं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्वतःच दुसरीकडे पाठवलं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

भुलीची भीती वाटते, मलाही वाटली. आधी रक्ततपासणी करून मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे ते बघतात, श्वासनलिकेत नळी घालतात, अंग गरम ठेवतात, रक्तदाबावर नजर ठेवतात. शिवाय जबड्याच्या नसेपाशी बधिर करणारं इंजेक्शन देतात, त्यामुळे भुलीचं प्रमाण कमी ठेवता येतं. एक गोष्ट मात्र मुद्दाम विचारून घ्यावी: तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरणार का? मांजराच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी धमनी जबड्याच्या कोपऱ्यापाशी अशा ठिकाणाहून जाते की तोंड फार वेळ ताणून उघडं ठेवलं तर ती दाबली जाते. भुलीनंतर आंधळ्या झालेल्या २० मांजरांच्या नोंदी २०१२ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडात असा चिमटा लावलेला होता. जाणकार आता तो टाळतात.

भूल न देता दात स्वच्छ करून देतो, असं सांगणाऱ्यांपासून दूर राहावं. वरचं पिवळं कीटण खरवडलं जातं, दात पांढरे दिसतात आणि हिरडीखालचं दुखणं तसंच राहतं. घराला रंग दिल्याने वाळवी जात नाही.

भरायचा की काढायचा

माझा पहिला प्रश्न तोच होता: खड्डा आहे ना, मग सिमेंट भरा. पूर्वी भरायचे. टिकलं नाही. बाहेरून येणारी कीड थांबवायला भरणं उपयोगी, इथे खाणाऱ्या पेशी आतल्या. भरलेल्या चांदीच्या भोवतीचा दात त्या खात राहतात. रूट कॅनालचाही उपयोग नाही. आज विरणाऱ्या, दुखणाऱ्या दातावर उपाय एकच, तो काढणं. कसा काढायचा ते मात्र प्रकारावर ठरतं.

पहिल्या प्रकारात मुळासकट पूर्ण दात काढावाच लागतो. मूळ शाबूत आहे, झोळी आहे, आत राहिलं तर सूज आणि पू होणार. दुसऱ्या प्रकारात मूळ काढायला गेलं तर काढायला काही नसतंच. भिंतीत मिसळलेली चौकट उपटताना भिंत फुटावी तसा जबडा फुटू शकतो. अशा वेळी हिरडी थोडी उचलून दाताचा वरचा भाग कापून टाकतात, कडा गुळगुळीत करतात, हिरडी टाक्यांनी बंद करतात आणि हाड होत चाललेलं मूळ शरीरावर सोडून देतात. ग्रेग ड्यूपाँट या अमेरिकन पशुदंतवैद्यकाने १९९५ साली ही पद्धत व्यवस्थित मांडली, त्याआधी ती आळशीपणाची समजली जायची. पण तिला अटी आहेत. एक्स-रेवर मूळ खरंच हाडात विरलेलं दिसायला हवं, मुळाशी पू किंवा हिरडीचा आजार नको, आणि तोंडभर सूज असणारा आजार (त्याबद्दल पुढे येतंच) नको. एक्स-रे न काढता ‘वरचा भाग कापून टाकला’ असं कोणी म्हणालं, तर त्याने हे कशावरून ठरवलं ते विचारायला हवं. गोट्याच्या एकाच दातावर दोन्ही करावं लागलं: एक मूळ काढलं, दुसऱ्यावरचा भाग कापला.

फक्त एक्स-रेवर दिसणारा, हिरडीखालीच असलेला, न दुखणारा दुसऱ्या प्रकारचा दात काही वेळा तसाच ठेवून लक्ष ठेवलं जातं. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दात गेल्यावर खाणार कसं, ही काळजी सगळ्यांना असते. मांजर मजेत खातं. सगळे ३० दात गेलेली मांजरंही दाणे खाताना मी पाहिली आहेत.

शेजारचे दोन आजार

गल्लत होऊ नये म्हणून थोडक्यात. हिरडीचा आजार, ज्याला आपण माणसांत पायरिया म्हणतो, तो जंतूंच्या थरापासून सुरू होतो. थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, त्याचं कीटण बनतं, हिरडी सुजते, मग झोळी आणि हाड झिजतं, दात हलू लागतो. यात दात शाबूत असतो, त्याचा पाया जातो. विरण्यात पाया राहून दातच जातो. दोन्ही एकत्रही नांदतात.

दुसरा म्हणजे तोंडाच्या मागच्या भागापर्यंत पसरलेली भयंकर लाली, जिंजिव्होस्टोमॅटायटिस. मांजराने जांभई दिली तर घशाच्या दोन्ही बाजू कच्च्या मांसासारख्या दिसतात. तोंडातल्या जंतूंच्या थराला शरीराने दिलेलं हे अतिरेकी उत्तर असतं, आणि कॅलिसी विषाणूचा त्यात हात असल्याचं वारंवार दिसलं आहे. सोसायटीतल्या, अनेक मांजरं एकत्र राहतात अशा ठिकाणच्या मांजरांत हा जास्त. खायला बघून किंचाळून पळणारं, लाळेने छाती भिजलेलं, हाडांचा सापळा झालेलं रस्त्यावरचं मांजर तुम्ही पाहिलं असेल, तर बऱ्याचदा ते हेच. सतत स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन काही दिवस बरं वाटतं, पुन्हा उलटतं. निदान दाढा, गरज पडल्यास सगळेच दात काढणं हा आज मुख्य उपाय आहे. साधारण तीनपैकी दोन मांजरांना त्याने मोठा फरक पडतो. ऐकायला क्रूर वाटतं. एकदा अशा मांजराला ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी वाटी चाटूनपुसून साफ करताना पाहिलं की वाटेनासं होतं.

घरात काय, आणि काय मुळीच नको

दात घासल्याने विरणं थांबेल याची हमी नाही. हिरडीचा आजार मात्र नक्की लांबतो, आणि सुजेशी जोडलेला पहिला प्रकार बघता तेवढंही थोडं नाही. लहान मऊ ब्रश, मांजरांसाठीची पेस्ट, रोज किंवा दिवसाआड. आपली टूथपेस्ट नको, मांजराला चूळ भरता येत नाही, फेस आणि फ्लोराइड सगळं पोटात जातं. आधीच दुखत असेल तर घासू नये, आधी तपासणी. सुके दाणे खाल्ल्याने दात साफ राहतात हा समज ढिला आहे. दाणा टोकाला लागताच फुटतो, कीटण हिरडीच्या काठाला असतं.

आता दोन गोष्टी ठळक अक्षरांत समजून वाचा. दाढदुखीवर आपल्या घरात हमखास निघणाऱ्या दोन वस्तू म्हणजे पॅरासिटामॉल आणि लवंगेचं तेल. मांजराच्या यकृतात अशा रसायनांना बांधून बाहेर टाकणारं विकर फार कमी असतं. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक साधी गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. अर्धी-पाव असा हिशेबही करू नये. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल त्याच कारणाने विषारी. आयबुप्रोफेनही नको. चुकून दिलं गेलं असेल तर ‘बघू सकाळी’ नाही, त्याच क्षणी दवाखाना. मांजरांसाठी चालणारी वेदनाशामकं आहेत, ती डॉक्टर वजनावर मोजून देतात.

गोट्याला ऑपरेशनच्या रात्री मऊ खाणं द्यायला सांगितलं होतं. त्याने ते हुंगलं, आमच्याकडे पाहिलं आणि दाण्यांच्या डब्यापाशी जाऊन बसला. मान झटकणं, फिस्कारणं पुन्हा दिसलं नाही. ज्याचा एक दात विरला त्याचे पुढे आणखी विरण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षातून एकदा तपासणी ठरली. परवाच्या एक्स-रेमध्ये ४०७च्या मुळाभोवतीची काळी रेषा एका बाजूने पुसट झालीय. डॉक्टरांनी पडद्यावर तिथे गोल काढून दाखवला. वर अजून काही उघडं पडलेलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंय, तारीख फ्रीजवर लावून ठेवली आहे.